पहाऱ्यावरची ती एक रात्र

रूढ रहस्यकथेत गुन्हा कोणी केला हा प्रश्न अखेरपर्यंत केंद्रस्थानी राहतो. मानसशास्त्रीय थरारकथेत मात्र त्या गुन्ह्याच्या आसपास वावरलेल्या माणसांनी एकमेकांपासून आणि स्वतःपासूनही काय दडवले, याचा शोध मुख्य ठरतो. जून २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ‘व ग्वेंबी लासू’ (शब्दशः, ‘रानाच्या आत खोलवर’) ही सहा भागांची पोलिश मालिका या दुसऱ्या प्रकारात मोडते. अमेरिकी लेखक हार्लन कोबेन यांच्या २००७ च्या कादंबरीवर ती आधारलेली असली, तरी लेशेक दाविद आणि बार्तोश कोनोप्का या दिग्दर्शकांनी मूळचे न्यू जर्सीतील कथानक पोलंडमध्ये असे रुजवले आहे की ते परक्या भूमीतून आले असावे, ही शंकाही येऊ नये.

१९९४ च्या उन्हाळ्यात, म्हणजे कम्युनिस्ट राजवट संपून जेमतेम पाच वर्षे झालेली असताना, एका युवा शिबिरातील चार जण रात्री रानात शिरतात. त्यांपैकी दोघांचे मृतदेह सापडतात आणि आर्तुर व कामिला या दोघांचा मागमूस लागत नाही. २०१९ मध्ये कामिलाचा भाऊ पावेल कोपिन्स्की वॉर्सात सरकारी वकील असतो, आणि खून झालेल्या एका माणसाची ओळख पटवण्यासाठी त्याला बोलावले जाते, तेव्हा तो मृत माणूस आर्तुरच असल्याची त्याची खात्री होते. आर्तुर इतकी वर्षे जिवंत होता, तर कामिलाही जिवंत असेल काय, या एका प्रश्नाने पावेलचे बेतून ठेवलेले आयुष्य उसवू लागते.

मालिकेचे खरे बळ मात्र या प्रश्नापेक्षा एका लहानशा कसुरीत आहे. त्या रात्री पहाऱ्याची जबाबदारी पावेल आणि त्याची प्रेयसी लाउरा यांच्यावर होती, आणि ती सोडून दोघे एकांतात गेले होते. कायद्याच्या दृष्टीने त्यांनी कोणाचा जीव घेतलेला नाही. तरीही शिबिराचे संचालक असलेल्या लाउराच्या वडिलांवर ठपका येतो, आणि दोघे एकमेकांना पंचवीस वर्षे टाळतात, कारण समोरच्या चेहऱ्यात प्रत्येकाला आपलीच चूक दिसते. अपराधभाव, म्हणजे शिक्षा न होताही मनाने स्वतःला दोषी धरत राहणे, इतक्या संयमाने फार थोड्या मालिकांनी मांडला आहे.

दोन काळ आलटूनपालटून दाखवण्याची समांतर कथनाची रीत येथे केवळ उत्कंठेसाठी वापरलेली नाही. तरुण पावेल आणि लाउरा यांच्या भूमिका वेगळ्या नटांनी केल्या असल्यामुळे, ग्झेगोश दाम्येन्त्स्की आणि आग्न्येश्का ग्रोखोव्स्का यांच्या थकलेल्या चेहऱ्यांत ती जुनी मुले शोधण्याचे काम प्रेक्षकावर येते. पावेल चालवत असलेल्या बलात्काराच्या खटल्यातील आरोपीचा वजनदार बाप जेव्हा पावेलचा भूतकाळ उकरू लागतो, तेव्हा दडवलेली गोष्ट शत्रूच्या हातचे शस्त्र कशी होते, हेही उघड होते. शेवटच्या भागांत उलगड्यांची दाटी होते, हा दोष मान्य करावाच लागेल.

या कथेतील अर्धे बोलणे अडखळण्यात आणि अर्धवट सोडलेल्या वाक्यांत आहे. म्हणून वाचकांनी ती भाषांतरित आवाजात न पाहता मूळ पोलिशमध्ये, उपशीर्षकांसह पाहावी.