सूर्याच्या विजेची वांटणी

हल्लीं पुष्कळ घरांच्या गच्चीवर सोलर पॅनेलें बसविलेलीं दिसतात. त्यांपासून मिळणारी वीज बॅटरींत सांठवावी, कीं वीज कंपनीच्या तारांत, म्हणजे ग्रिडमध्यें, सोडावी असा प्रश्न विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या उत्तरावर घरचा पैसा, रात्रीचा अभ्यास आणि खांबावर चढणाऱ्या वायरमनचे प्राणही अवलंबून असतात. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, पॅनेलची वीज व ग्रिडची वीज एका जातीची नव्हे. पॅनेलचा प्रवाह एकाच दिशेनें वाहतो व बॅटरीसही तसाच लागतो. ग्रिडचा प्रवाह मात्र सेकंदास ५० वेळां हेलकावे घेतो व घरांत त्याचा दाब सुमारें २३० व्होल्ट असतो. पॅनेलची वीज त्यांत मिसळावयाची तर तिचे हेलकावे त्यांच्याशीं तंतोतंत जुळले पाहिजेत. हें काम इन्व्हर्टर करतो. जो बॅटरी व ग्रिड या दोहोंचीही व्यवस्था पाहतो त्यास हायब्रिड इन्व्हर्टर म्हणतात.

आतां वांटणी कशी होते? अर्धी वीज इकडे व अर्धी तिकडे, असें कोणास वाटेल. वस्तुतः तसें नसतें. शेतकरी दारें धरतो तेव्हां एक वाफा भरला म्हणजे तो पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवितो. तसाच हा प्रकार आहे. सामान्यतः घरांत चालूं असलेले दिवे व पंखे आपला वांटा प्रथम घेतात. उरलेली वीज बॅटरीकडे जाते. आणि बॅटरीस नको असेल तेवढी ग्रिडमध्यें जाते. मात्र वाफा व बॅटरी यांत एक भेद आहे. १२ व्होल्टची शिशाची बॅटरी रिकामी असतां सोसेल तितका प्रवाह घेते. दाब सुमारें १४.४ व्होल्टपर्यंत चढला म्हणजे चार्जर तो तेथेंच राखतो व बॅटरी प्रवाह हळूहळू कमी घेऊं लागते. पूर्ण भरल्यावर ती सुमारें १३.६ व्होल्टवर नुसती राखावयाची असते. त्या वेळीं वीज बळेंच कोंबली तर आंतील पाण्याचे वायु होऊन बॅटरी बिघडते. यामुळें सकाळीं बॅटरीकडे असलेला ओघ पुढें आपोआप ग्रिडकडे वळतो.

एक उदाहरण घेऊं. १ किलोवॅटच्या पॅनेलांपासून महाराष्ट्रांत चांगल्या उन्हाच्या दिवशीं सुमारें ४ युनिट वीज मिळते. रात्रीं १० वॅटचे तीन दिवे पांच तास व ७५ वॅटचा एक पंखा आठ तास चालविला, तर १५० व ६०० मिळून ७५० वॅट-तास, म्हणजे पाऊण युनिट लागतें. परंतु शिशाची बॅटरी घेतलेल्या विजेपैकीं सुमारें शेंकडा ८० परत देते व इन्व्हर्टरही थोडी खातो. सबब सुमारें १ युनिट भरावें लागतें. बाकीचीं ३ दिवसाच्या उपयोगास व ग्रिडकरितां उरतात. जेथें कंपनी दोन्ही बाजूंनीं मोजणारें मीटर बसवून दिलेली वीज घेतलेल्या विजेंतून वजा करते, तेथें ग्रिड हीच आपली पेढी होय, व तिच्यांत ठेवलेल्या युनिटास बॅटरीची ही तूट लागत नाहीं. उलट जर्मनींत २०२४ च्या कायद्यानें ८०० व्होल्ट-अँपिअरपर्यंतचीं बाल्कनींतील यंत्रें बसविण्याची रीत सोपी झाली. पण तेथील अशीं कुटुंबें ग्रिडमध्यें गेलेल्या विजेचा मोबदला बहुधा घेत नाहींत, म्हणून त्यांस सांठवण अधिक उपयोगी पडते.

मग आपण बॅटरी ठेवावीच कां? याचें उत्तर वीज गेली म्हणजे मिळतें. केवळ ग्रिडशीं जोडलेला इन्व्हर्टर वीज जातांच भर दुपारींही बंद पडतो. हा दोष नव्हे, मुद्दाम केलेली योजना आहे. तारा निर्जीव आहेत असें समजून वायरमन खांबावर चढला असतां आपल्या गच्चीवरची वीज त्याच्यापर्यंत पोंचतां कामा नये. हायब्रिड इन्व्हर्टर अशा वेळीं घर ग्रिडपासून अलग करतो व बॅटरीच्या आधारें आंतील दिवे चालवितो. परवानगीवांचून घरच्या घरीं जोडणी करणें किती घातक आहे, हें यावरून दिसेल.

तात्पर्य, वीज वारंवार जात असेल तेथें रात्रीच्या गरजेपुरती बॅटरी ठेवावी व शेष ग्रिडला द्यावें. वीज अखंड असेल व युनिटें वजा मिळत असतील तेथें बॅटरीचा खर्च वांचवावा. विद्यार्थिमित्रांनो, बॅटरी विकत घेण्यापूर्वीं घरांतील दिवे व पंखे यांचे वॅट आणि तास एका कागदावर मांडून पाहा. किती वीज कोठें धाडावी, हें तो हिशेबच सांगेल.