फळीचे आयुष्य ठरते ते जाळीवर

पदार्थ थेट जाळीवर न ठेवता लाकडाच्या फळीवर ठेवून निखाऱ्यांच्या धगीवर शिजवण्याच्या पद्धतीत फळीला दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात : तिने पदार्थाला आगीच्या थेट झळीपासून वाचवायचे असते आणि त्याच वेळी स्वतः थोडे करपून त्याला धुराचा वास द्यायचा असतो. तवा वर्षानुवर्षे वापरला तरी त्याचे वजन फारसे घटत नाही. फळी मात्र प्रत्येक वापरात आपलाच काही भाग खर्च करते, आणि त्यामुळे ती किती वेळा वापरता येईल या प्रश्नाचे उत्तर एका ठरावीक आकड्यात देता येत नाही. दोन-तीन वेळा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते आणि ते बहुधा खरेही ठरते; परंतु पहिल्याच खेपेला खालून निम्मी कोळसा झालेली फळी दुसऱ्यांदा जाळीवर चढवण्याच्या लायकीची राहत नाही, तर धगीवर नीट सांभाळलेली जाड फळी त्याहून अधिक वेळा उपयोगी पडते. फळीचे आयुष्य बहुतांशी जाळीवरच ठरते, आणि नंतरच्या धुण्या-वाळवण्याने केवळ उरलेले आयुष्य राखले जाते.

आज ही पद्धत सर्वाधिक रूढ आहे ती उत्तर अमेरिकेत, आणि तिच्याशी जोडले गेलेले नाव आहे पॅसिफिक महासागराच्या वायव्य किनाऱ्यावरील, म्हणजे दक्षिण अलास्कापासून ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन आणि ओरेगनपर्यंतच्या पट्ट्यातील सॅमन माशाचे व तेथील लाल सीडर वृक्षाचे. या किनाऱ्यावरच्या हायडा, त्लिंगित, कोस्ट सेलिश आदी मूळनिवासी समाजांचे सारे जीवन या वृक्षाभोवती उभे राहिले : घरे, होड्या, पेट्या, दोरखंड, सालीपासून विणलेली वस्त्रे. फळीच्या बाबतीत त्यांचा काटकसरीपणा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. उभ्या, जिवंत झाडाच्या खोडात वर व खाली खाचा घेऊन त्यांमध्ये पाचरी ठोकल्या जात, खोडाच्या एका अंगाची लांब फळी रेषांच्या दिशेने सोलून काढली जाई आणि झाड पुढे वाढत राही. अशा खुणा अंगावर वागवणारी झाडे ब्रिटिश कोलंबियाच्या जंगलांत आजही उभी आहेत आणि १८४६ पूर्वीच्या खुणांना तेथील वारसा-संरक्षण कायद्याचे कवच आहे. हिवाळी वस्तीतील घरांच्या भिंतींच्या फळ्या उन्हाळ्यात उतरवून, दोन होड्यांवर आडव्या बांधून मासेमारीच्या तळावर नेल्या जात आणि तेथे त्यांचीच घरे पुन्हा उभारली जात.

तथापि बाजारात पातळ वेष्टनात मिळणारी आजची सीडरची फळी ही त्या परंपरेची सरळ वारस आहे, असे जे सर्रास लिहिले जाते ते काहीसे सैल विधान आहे. त्या किनाऱ्यावरची सॅमन भाजण्याची सर्वांत प्रचलित जुनी रीत निराळी होती : पाठीतून चिरून उलगडलेला मासा, अर्ध्यापर्यंत उभ्या चिरलेल्या काठीच्या चिमट्यात धरून, आडव्या काड्यांनी ताणून, आल्डर लाकडाच्या विस्तवाशेजारी जमिनीत तिरका रोवला जाई. फळीवर मासा शिजवण्याची रीत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही स्वतंत्रपणे रुजलेली होती. तेथे शॅड नावाचा काटेरी मासा ओकच्या फळीवर शिजवला जाई, आणि फॅनी फार्मर यांच्या १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या पाकशाळेच्या सुप्रसिद्ध पाककृतिग्रंथात त्याची कृती आढळते. त्या कृतीतील फळी सुमारे एक इंच जाड आहे. फिनलंडमध्ये तर सॅमनचा अर्धा भाग फळीला ठोकून ती फळी उघड्या जाळाशेजारी उभी केली जाते, म्हणजे तेथे फळी धगीवर ठेवली जात नाही, धगीसमोर धरली जाते. या दोन्ही ठिकाणच्या फळ्या जाड असत आणि पुन्हा पुन्हा वापरात येत. एकदा वापरून टाकण्याची सवय ही सेंटिमीटरभर जाडीच्या आजच्या फळीबरोबर आलेली आहे.

लाल सीडर हे नावाने सीडर असले तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते सुरूच्या आकाराच्या सायप्रस वृक्षाच्या कुळातील आहे; खऱ्या सीडरच्या वंशात हिमालयातील देवदार मोडतो. हा भेद येथे सांगण्याचे कारण व्यवहाराचे आहे. चीड किंवा स्प्रूस यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडात राळ वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात आणि ती राळ तापली की काजळीयुक्त, कडवट धूर होतो. लाल सीडरच्या लाकडात अशा राळवाहिन्या नेहमीच्या वाढीत नसतात, म्हणून सूचिपर्णी असूनही ते अन्नाखाली चालते. देवदार मात्र तेलाने व राळेने भरलेला असतो, आणि केवळ नावाच्या साम्यावर विसंबून त्याची फळी मासे किंवा पनीर भाजण्यासाठी करणे योग्य नव्हे. लाल सीडरच्या गाभ्यात थुजाप्लिसिन या गटातील बुरशीरोधक द्रव्ये असतात, त्यामुळे ते पावसाळी हवेतही लवकर कुजत नाही. आल्डर, मेपल आणि ओक या रुंद पानांच्या वृक्षांच्या फळ्याही विकल्या जातात. त्या अधिक घट्ट असतात आणि सौम्य वास देतात.

धुराचा वास येतो तो मुख्यतः लिग्निनपासून, म्हणजे लाकडाच्या पेशींना एकत्र बांधून ठेवणाऱ्या चिवट द्रव्यापासून. तापमान सुमारे २०० अंश सेल्सियसच्या पुढे गेले की लाकडाचे घटक विघटित होऊ लागतात आणि लिग्निनमधून ग्वायाकॉलसारखी सुवासिक संयुगे बाहेर पडतात. त्याहून बरेच वर गेले की फळी पेट घेते. वास देणारी अवस्था आणि पेटण्याची अवस्था यांतील अंतर फार नाही, आणि स्वयंपाक करणाऱ्याचे सगळे कौशल्य त्या अंतरात सामावलेले असते. फळीचा खालचा पापुद्रा करपत असताना वरचा पृष्ठभाग मात्र ओलसर पदार्थाखाली पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आसपासच राहतो, कारण लाकडाची उष्णतावाहकता बिडापेक्षा शेकडो पटींनी कमी असते. फळीवरचा मासा हळूहळू, जणू वाफेत शिजतो, याचे कारण हेच.

फळी आधी पाण्यात भिजवण्यामागचा हेतू ती पेटण्याच्या वेळेला मुदतवाढ देण्याचा आहे. एक ग्रॅम पाणी गोठणबिंदूपासून उकळीपर्यंत नेण्यास १०० कॅलरी पुरतात, परंतु त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात. फळीत मुरलेले पाणी संपेपर्यंत त्या भागातील लाकूड १०० अंशांच्या फार वर जाऊ शकत नाही. पाणी लाकडात शिरते ते मुख्यतः कापलेल्या टोकांकडून, रेषांच्या दिशेने. सपाट पृष्ठभागातून तासाभरात ते काही मिलिमीटरच आत जाते. त्यामुळे पाण्यात नुसती बुचकळून काढलेली फळी कोरडीच समजावी, आणि किमान एक-दोन तास ती पूर्ण बुडून राहील अशी व्यवस्था करावी, कारण लाल सीडर हलके असल्याने तरंगते आणि वर वजन न ठेवल्यास एकच बाजू भिजते. एकाच बाजूने भिजलेली फळी धगीवर बाक धरते, तिच्यावरचा मासा घसरतो आणि उचललेली कड ज्वाळेत जाते. काही जण भिजवलेल्या फळ्या पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवतात, जेणेकरून ऐनवेळी भिजवत बसावे लागू नये. ही युक्ती चांगली आहे.

फळी प्रत्यक्षात खराब होते ती जाळीवर चढवल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत. जाळी १७५ ते २०० अंशांच्या दरम्यान राखावी, निखारे एका बाजूला सारून दुसरी बाजू मोकळी ठेवावी आणि फळीच्या कडा पेटू लागल्या की ती मोकळ्या बाजूला सरकवावी. शेगडीचे झाकण बंद ठेवल्याने आत हवा कमी जाते आणि धुमसणारी फळी ज्वाळा धरत नाही. वारंवार झाकण उघडून पाहण्याची हौस ही फळीच्या मुळावर येते. पाण्याची फवाऱ्याची बाटली हाताशी असावी, पण फवारा फळीच्या कडेवर मारावा, माशावर नव्हे. पदार्थापेक्षा फार मोठी फळी घेऊ नये, कारण ज्या भागावर काही ठेवलेले नसते तो सर्वांत आधी वाळतो आणि सर्वांत आधी जळतो. सॅमन खवल्यांच्या बाजूने, म्हणजे कातडी खाली करून ठेवल्यास ती कातडी फळीला चिकटून बसते, रस व चरबी लाकडात मुरू देत नाही, आणि माशाच्या आतील तापमान ६३ अंशांवर पोचले की पातळ उलथण्याने गर अलगद कातडीवरून सोडवून घेता येतो. कातडी फळीवरच राहते आणि नंतर एका झटक्यात पापुद्र्यासारखी निघते. याउलट साखर, मध किंवा मेपलचा पाक घातलेले लेपण सांडून फळीवर जळले की तो डाग खरवडूनही जात नाही. ज्यांना फळी पुन्हा वापरायची आहे त्यांनी गोड लेपण शेवटच्या काही मिनिटांतच लावावे.

वापरलेली फळी पूर्ण थंड झाल्यावरच धुवावी, आणि थंड झाली याची खात्री हाताने नव्हे तर पाण्याने करावी, कारण कडेच्या कोळशात विस्तव दडलेला असू शकतो. प्रथम चिकटलेले सर्व कण खरवडून काढावेत, मग कडक ताठ ब्रशने गरम पाण्याखाली रेषांच्या दिशेने घासावे. साबण वापरू नये, असे जे सांगितले जाते त्याला ठोस कारण आहे : लाकूड सच्छिद्र असते, साबणाचे पाणी त्यात मुरते आणि पुढच्या वेळी तापल्यावर त्याचा वास पदार्थात उतरतो. भांडी धुण्याच्या यंत्रात ती घालण्याचा प्रश्नच येत नाही. पोळपाटाप्रमाणे ती उभी करून, दोन्ही बाजूंना वारा लागेल अशी, सावलीत वाळवावी. कडक उन्हात एका बाजूने झपाट्याने वाळलेले लाकूड तडकते, कारण लाकूड आडव्या दिशेने आकसते आणि लांबीच्या दिशेने जवळपास आकसत नाही. चिरण्याच्या पाटांना खाद्यतेल चोळून ठेवण्याची जी पद्धत आहे, ती या फळीला लागू करू नये : तेलाने पाण्याला आत शिरायची वाट बंद होते आणि तेच तेल पुढे निखाऱ्यावर भडकते.

लाकूड जंतूंचे घर असते, हा समज पूर्णपणे खरा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत काम केलेले अन्नसुरक्षातज्ज्ञ डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात लाकडी व प्लास्टिकच्या चिरण्याच्या पाटांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की लाकडावर पडलेले जीवाणू पृष्ठभागाखाली ओढले जातात आणि तेथे हळूहळू मरतात, तर सुरीच्या चरांनी भरलेल्या प्लास्टिकमध्ये ते टिकून राहतात. परंतु हे निष्कर्ष वाळणाऱ्या लाकडाचे आहेत. ओली फळी पिशवीत गुंडाळून कपाटात कोंबली तर तिच्यावर बुरशी येते आणि माशाची चरबी हवेशी संयोग होऊन खवट होते. तो खवटपणा फळी दुसऱ्यांदा तापली की सर्वप्रथम नाकाला कळतो. म्हणून फळी पुन्हा वापरावी की नाही हे ठरवताना डोळ्यांइतकाच नाकावर विश्वास ठेवावा. बुरशी दिसली, खवट वास आला, आरपार चीर गेली किंवा जाडीचा निम्म्याहून अधिक भाग कोळसा झाला, तर फळी संपली असे समजावे. यांपैकी काही नसेल तर करपलेली बाजू पुन्हा खालीच ठेवून ती वापरावी, म्हणजे अन्नाला टेकणारी बाजू स्वच्छ राहते.

करपलेला पापुद्रा सँडपेपरने घासून काढता येतो आणि त्याखालचे ताजे लाकूड पुन्हा वास देऊ लागते. मात्र लाल सीडरच्या भुशात प्लिकॅटिक आम्ल असते, आणि लाकूड कापण्याच्या गिरण्यांतील कामगारांना त्यामुळे दमा झाल्याचे वैद्यकीय अभ्यासांत नोंदले गेले आहे. घरगुती प्रमाणात धोका अल्प असला तरी घासकाम उघड्यावर, नाकातोंडावर फडका बांधून करणे शहाणपणाचे.

लाकडाच्या वखारीतील कोणतीही फळी या कामी चालते, हा गैरसमज सर्वांत घातक आहे. बांधकामाच्या लाकडावर कीड लागू नये म्हणून रासायनिक प्रक्रिया केलेली असते. अमेरिकेत आर्सेनिक, क्रोमियम व तांबे यांच्या क्षारांनी मुरवलेले लाकूड २००३ अखेरपर्यंत घरगुती वापरासाठी विकले जात होते आणि अंगणातल्या जुन्या कठड्यांत ते अजून उभे आहे. मुंबई-पुण्यात मालवाहतुकीच्या फळ्यांपासून फर्निचर करण्याची टूम आलेली आहे. त्या फळ्यांवर उष्णतेने निर्जंतुक केल्याची किंवा मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिल्याची खूण छापलेली असते, परंतु वाटेत त्यांवर काय सांडले हे कुठेही लिहिलेले नसते. प्लायवूडमध्ये डिंकासोबत फॉर्मल्डिहाइड असते. अन्नासाठी म्हणून विकलेली, प्रक्रिया न केलेली फळीच घ्यावी. सिअ‍ॅटल किंवा व्हँकुव्हरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात अंगणात शेगडी मांडणाऱ्या मराठी घरांत एकाच फळीवर आधी सॅमन आणि पुढच्या आठवड्यात पनीर किंवा अननस ठेवण्याचा मोह होणे शक्य आहे. लाकडात मुरलेला मासा धुण्याने जात नाही, तेव्हा सामिष व निरामिष फळ्या वेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांच्या टोकांवर पेन्सिलीने खूण करावी.

संपलेली फळी कचऱ्यात टाकण्याचेही कारण नाही. ती वाळवून रेषांच्या दिशेने फोडली की सरळ, बोटभर ढलप्या निघतात, आणि लाल सीडर हलके व कोरडे असल्याने कोळसे पेटवायला त्याच्याइतके चांगले सरपण क्वचितच मिळते. ढलप्या पूर्ण जळून निखारे राखाडी दिसू लागल्यावरच पदार्थ जाळीवर ठेवावा.