खाण येण्याआधी विहीर मोजा

गावाशेजारी दगडाची खाण येणार असं कळलं, की गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो: आमच्या विहिरीचं काय?

आपल्या मिरजगाव-कर्जत भागात खाली काळा पाषाण. पाणी असतं ते वरच्या मुरुमात आणि पाषाणाच्या भेगांत. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली, की भेगांतलं पाणी तिकडे वळतं. दगड काढायचा तर ते रोज उपसून टाकावं लागतं आणि शेजारच्या विहिरी उतरतात. उथळ खाणीनं असं होईलच असं नाही. म्हणून अहवालात आधी बघा, खाण किती खोल जाणार आणि पाणी किती खोलीवर आहे.

मोजणी आपणही करायची. रात्रभर मोटर बंद ठेवा. सकाळी कठड्यावरच्या एकाच खुणेपासून दोर सोडा, वहीत तारखेसह लिहा. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते; आपणही तेच महिने धरू. खाणीपासून लांबची एक विहीरही घ्या. दोन्ही सारख्याच उतरल्या, तर पाऊस कमी पडला असेल. जवळचीच जास्त उतरली, तर खाणीकडे बोट दाखवता येतं. मध्ये कुणी नवी बोअर घेतली का, तेही प्रामाणिकपणे लिहा. वही नसेल, तर ‘दुष्काळच आहे बाई’ म्हणून वाटेला लावतात!

जनसुनावणी असेल, तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे किमान 30 दिवस आधी नोटीस निघते. छोट्या खाणीला सुनावणी होतेच असं नाही. तेव्हाही लेखी हरकत द्या, वहीची झेरॉक्स जोडा आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.