डाग दातावर की दातात?

दात पांढरे करणाऱ्या पेस्टचा गुण येतो की नाही, हे पेस्टइतकेच डाग कुठे आहे यावर ठरते. दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, अर्धपारदर्शक असते. त्याच्या आतला डेंटिनचा थर पिवळसर असतो आणि तोच रंग बाहेर झिरपतो. त्यामुळे निरोगी दातही पांढराशुभ्र नसतो. वयाबरोबर इनॅमल झिजते, तसा पिवळेपणा वाढतो. चहा, पान, तंबाखू यांचे डाग मात्र इनॅमलवर साचलेल्या लाळेच्या पापुद्र्यात आणि कीटणात धरतात. पहिला रंग दाताचा आहे, दुसरा दातावरचा.

बीड जिल्ह्यात हे दोन्ही प्रकार एकाच घरात आढळू शकतात. इथल्या खेड्यांत मिसरी लावण्याची सवय जुनी आहे, बायकांमध्ये विशेष. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात स्वच्छ करते असे मानले जाते; प्रत्यक्षात ती दात काळे करते, हिरड्या बिघडवते, निकोटिनची सवय जडवते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते. पेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी आणली, पण घरच्या तव्यावर भाजलेली मिसरी कोण तपासणार? दुसरा डाग पाण्याचा. पाऊस कमी, म्हणून पिण्याचे पाणी विंधनविहिरीचे. आणि जिल्ह्यातल्या काही गावांत या पाण्यात खडकातून उतरलेले फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड ठीक, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. सुमारे आठ वर्षांपर्यंत मुलांच्या पक्क्या दातांचे इनॅमल घडत असते. त्या काळात फ्लोराइड जास्त पोटात गेले की दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी चट्टे कायमचे उमटतात.

पांढरेपणाच्या बहुतेक पेस्ट मुख्यतः घासूनच काम करतात. त्यांत सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड असते. चहाचा आणि मिसरीचा वरवरचा डाग तिने खरोखर फिका पडतो, पण त्याला काही आठवडे लागतात आणि फरक साधारण एका छटेचा असतो. दंतवैद्यांच्या रंगपट्टीत अशा सोळा छटा असतात. फॉस्फेटचे काही क्षार नवा डाग आणि कीटण धरू देत नाहीत. ते डाग काढण्यापेक्षा रोखण्यात अधिक उपयोगी. खाण्याचा सोडा असलेली पेस्ट डाग चांगला काढते आणि दात फार खरवडत नाही, कारण सोडा मऊ असतो व पाण्यात विरघळतो.

खरवड किती, हे मोजण्याचे माप आहे. आंतरराष्ट्रीय मानकात त्याची वरची मर्यादा २५० धरली आहे. हा आकडा ट्यूबवर क्वचितच छापतात आणि ही ग्राहकाची मोठी अडचण आहे. हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडले असेल, तर खरखरीत पेस्ट आणि जोराचा ब्रश यांनी तिथले मऊ डेंटिन झिजते. मग थंड पाण्याने दात सणकतात.

कोळशाची पेस्ट नवलाची वाटते, पण महाराष्ट्राला राखुंडी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या आढाव्याला कोळशाच्या पेस्टच्या दाव्यांसाठी पुरेसा आधार सापडला नाही. त्यातल्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइडही नसते, म्हणजे कीड रोखण्याचा मुख्य गुणच जातो. निळसर रंगद्रव्याच्या पेस्टची युक्ती धुणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे: पांढऱ्या कपड्याला नीळ दिली की पिवळेपणा लपतो. दातही ब्रश केल्यावर लगेच उजळ दिसतो, पण डाग जागेवरच राहतो आणि थोड्या वेळाने परिणाम ओसरतो.

दाताच्या आतला रंग फिका करू शकते ते पेरॉक्साइड. पेस्टमध्ये ते थोडे असते आणि तोंडात जेमतेम दोन मिनिटे टिकते, म्हणून परिणामही बेताचा. दंतवैद्य दाताच्या मापाचा साचा करून त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल रात्रभर ठेवायला देतात. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत पेस्टपेक्षा कितीतरी प्रभावी आहे. यात काही दिवस दात सणकू शकतात आणि हिरडीची आग होऊ शकते. युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड असलेले दात उजळण्याचे उत्पादन ग्राहकाला थेट विकता येत नाही.

फ्लोराइडच्या चट्ट्यांना यातली कोणतीही पेस्ट पुरत नाही, आणि जोर लावून घासल्याने चांगले इनॅमलच जाते. सौम्य चट्ट्यांवर दंतवैद्य आम्ल आणि बारीक पूड वापरून वरचा अगदी पातळ थर काढतात. खोल चट्ट्यांवर दाताच्या रंगाचे आवरण बसवतात. लहान मुलांना अशा चट्ट्यांपासून वाचवण्याचा उपाय पाण्यातच आहे: गावाच्या विंधनविहिरीचे पाणी तपासून घेणे आणि फ्लोराइड जास्त निघाल्यास पिण्यासाठी दुसरे पाणी वापरणे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ती गिळू न देता थुंकायला लावावी. मिसरी लावणाऱ्याच्या तोंडात घासूनही न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर तो पेस्टचा विषय नाही. दंतवैद्याला लगेच दाखवावा.