हापूसचं कलम घेताय? आधी जागा मोजा, मग सांधा बघा

तुळिंज : पहिला पाऊस पडला की रोपांच्या गाड्या गावोगाव फिरू लागतात. आंब्याच्या प्रत्येक पिशवीवर ‘हापूस’ अशी चिठ्ठी असते. पण रोप खरं की खोटं, हे कळतं पहिलं फळ लागल्यावर, म्हणजे चार-पाच वर्षांनी. तोवर गाडीवाला कुठचा कुठे गेलेला असतो आणि गेलेली वर्षंही परत येत नाहीत. म्हणून तुळिंज, आचोळे, पेल्हार भागात घरामागे दोन-चार फळझाडं लावणाऱ्यांनी पैसे देण्याआधी थोडं थांबून बघावं.

जागा किती, त्यावर झाड

एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट. हापूस किंवा चिकूच्या दोन झाडांत ठेवायचं अंतर १० मीटर, म्हणजे तेवढंच ३३ फूट. थोडक्यात, वाढलेलं एक झाड एक गुंठा खातं. दोन गुंठ्यांत पाच हापूस लावले तर पुढे सावली भरपूर मिळेल, आंबे नाही. नारळाला २५ फूट, पेरू-लिंबाला २० फूट पुरतात. उरलेल्या कोपऱ्यात वसईची राजेळी किंवा वेलची केळी लावता येते.

पावसात पाणी तुंबणाऱ्या जागी आंबा, पपई नको, मुळं कुजतात. तिथे आधी भराव किंवा चर करा. ओल सोसण्यात जांभूळ त्यांच्यापेक्षा चिवट आहे.

जात कोणती?

हापूस चवीला राजा, पण एक वर्ष भरपूर आणि दुसऱ्या वर्षी कमी, ही त्याची खोड. फळात साकाही होतो. एकच आंबा लावायचा असेल तर ‘रत्ना’चा विचार करा. नीलम आणि हापूसच्या संकरातून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ही जात दरवर्षी फळते आणि तिच्यात साका होत नाही. याच विद्यापीठाच्या ‘सिंधू’ची कोय अगदी पातळ असते.

चिकूत ‘कालीपत्ती’ आपल्या जिल्ह्याचीच. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पालघर तालुक्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला ते २०२३ मध्ये मिळालं.

कलम घेताना काय बघाल?

१. सांधा दिसलाच पाहिजे. खोडावर सांधा नसेल तर ते बियांचं रोप समजा. त्याला फळ उशिरा येतं आणि आईच्या झाडासारखं येईलच असं नाही.
२. सांधा पक्का जुळलेला हवा. प्लास्टिकची पट्टी खोडात रुतलेली नको.
३. पानं सांध्याच्या वरच्या फांदीची हवीत. खालून फुटलेली फूट खुंटाची असते, ती काढून टाका.
४. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर केलेलं आहे का, ते विचारा.
५. उंच रोपाला भुलू नका. वर्षभराचं, दोनेक फुटांचं, जाड खोडाचं कलम बरं.
६. पिशवीतल्या रोपाला फळ लटकलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. पहिली दोन-तीन वर्षं मोहोर काढावाच लागतो.

कुठून घ्याल?

राज्यात फळरोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे. त्यानुसार कलमं विकणाऱ्या रोपवाटिकेला परवाना लागतो. परवाना बघा आणि जातीचं नाव लिहिलेलं बिल घ्या, उद्या तक्रार करायची तर तोच पुरावा. विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या रोपवाटिकेत मे महिन्यातच चौकशी करून ठेवा. डहाणू तालुक्यात कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथेही सल्ला मिळतो.

शेतात मोठी लागवड करायची असेल, तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणासाठी किमान १० गुंठ्यांची अट आहे. त्यामुळे परसातल्या चार झाडांना ती लागू होत नाही. अर्जाआधी कृषी सहाय्यकाला भेटा.

खड्डा उन्हाळ्यातच खणून तापू द्या आणि शेणखत-मातीने भरा. जून-जुलैत कलम लावताना सांधा मातीच्या वर राहील, एवढं मात्र विसरू नका.