हॉट रॉडच्या धुरातून उमटलेले हसू

दोन गाड्या, एक सरळ रस्ता आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे अंतर. जागेवरून सुटून जी गाडी दुसऱ्या टोकाला आधी पोहोचेल, ती विजयी. ड्रॅग रेसिंग या अमेरिकी शर्यतीचे मूळ स्वरूप एवढे साधे आहे. मात्र या काही सेकंदांच्या खेळाभोवती गेल्या पाऊणशे वर्षांत विनोदी व्यंगचित्रांची आणि चित्रकथांची एक स्वतंत्र परंपरा उभी राहिली. टवाळखोर म्हणून हिणवल्या गेलेल्या तरुणांना समाजात जागा मिळवून देण्यात या हसण्याचाही वाटा होता.

हॉट रॉड म्हणजे जुनी, स्वस्तात मिळालेली गाडी घरच्या गॅरेजमध्ये उघडून, अनावश्यक पत्रे काढून आणि इंजिनाची ताकद वाढवून तयार केलेले वेगवान वाहन. फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' आणि १९३२ साली आलेली व्ही-८ इंजिनाची फोर्ड या त्यासाठी विशेष पसंतीच्या. दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर हा छंद आधीपासून चालत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांनी तो वाढवला आणि शर्यती थेट शहरांच्या रस्त्यांवर आल्या. अपघात होऊ लागले, पोलीस मागे लागले. 'हॉट रॉडर' हा शब्द गुंडाला पर्याय म्हणून वापरला जाऊ लागला.

अशा वातावरणात रॉबर्ट पीटरसन यांनी जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' हे मासिक सुरू केले. टॉम मेडली यांचे 'स्ट्रोकर मॅकगर्क' हे पात्र याच मासिकातून वाचकांच्या भेटीस आले. या नावातच विनोद आहे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन जेवढे अंतर वरखाली जातो, त्याला स्ट्रोक म्हणतात. क्रँकशाफ्ट बदलून हे अंतर वाढवले की इंजिनाची क्षमता वाढते. असे इंजिन म्हणजे 'स्ट्रोकर'. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला नाव वाचून हसू येणार नाही. या चित्रांचे वैशिष्ट्य नेमके हेच होते. ती बाहेरच्यांनी केलेली टिंगल नव्हती, तर हाताला ग्रीस लागलेल्यांनी आपल्यासारख्याच मंडळींसाठी केलेली थट्टा होती.

स्ट्रोकर हा उत्साही, अतिशय कल्पक, पण स्वतःच्याच कल्पनेच्या कचाट्यात सापडणारा गडी. गंमत अशी की, त्याच्या काही कल्पना पुढे खऱ्या ठरल्या. पॅराशूट उघडून गाडीचा वेग रोखण्याची युक्ती प्रत्यक्ष धावपट्टीवर येण्यापूर्वी मेडली यांच्या रेखाटनात दिसली होती, असे या खेळाचे जाणकार आवर्जून सांगतात. आज ताशी १५० मैलांच्या वर जाणाऱ्या ड्रॅग गाड्यांना पॅराशूट बंधनकारक आहे.

दरम्यान, १९५० मध्ये कॅलिफोर्नियातील सांता आना येथील विमानतळावर नियमित शर्यती भरू लागल्या. पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना केली. शर्यत रस्त्यावरून धावपट्टीवर नेणे, हा त्यामागील उद्देश होता. नियमावली बहुधा कोणी आवडीने वाचत नाही. पण बेफिकीर चालकाची फजिती दाखवणारे चित्र मात्र सर्वजण पाहतात. शिस्तीचा संदेश अशा चित्रांतून उपदेशाचा सूर न लावता पोहोचत असे.

कार्टून्स आणि ड्रॅग कार्टून्स

१९५९ मध्ये पीट मिलर आणि कार्ल कोहलर यांच्या पुढाकाराने पीटरसन यांच्याच प्रकाशनसंस्थेचे 'कार्टून्स' हे नियतकालिक निघाले. मोटार या अर्थाचा 'कार' हा शब्द त्याच्या शीर्षकात मुद्दाम ठळक छापला जाई. मिलर स्वतः ड्रॅग शर्यतीत उतरत असत. त्यामुळे त्यांच्या चित्रांतील नळी न् नळी जागच्या जागी असे. चेहरे मात्र बेडौल, नाके लांबलचक आणि इंजिन एवढे उंच, की मागच्या चालकाला रस्ताच दिसू नये! तपशील अचूक असल्याशिवाय अतिशयोक्तीला धार येत नाही, हे मिलर यांना उमगले होते.

पुढे मिलर यांनी स्वतंत्रपणे 'ड्रॅग कार्टून्स' काढले. अलेक्स टॉथ यांच्यासारख्या नामवंत चित्रकाराने त्यात काम केले. गिल्बर्ट शेल्टन यांचे, सुपरमॅनचे विडंबन करणारे रानडुक्कर 'वंडर वॉर्ट-हॉग' याच मासिकातून देशभरातील वाचकांपर्यंत पोहोचले. १९५४ पासून अमेरिकी कॉमिक पुस्तकांवर आचारसंहितेचा कडक पहारा होता. मोठ्या आकाराची, कृष्णधवल मासिके त्या कक्षेबाहेर राहिली. शेल्टन पुढे भूमिगत कॉमिक चळवळीतील अग्रणी ठरले.

याच काळात एड 'बिग डॅडी' रॉथ यांनी या विनोदाला अधिक विद्रूप आणि अधिक लोकप्रिय रूप दिले. मोटारींच्या प्रदर्शनात ते रंगाच्या फवाऱ्याने टी-शर्टवर राक्षस रंगवून विकत. डोळे बाहेर आलेले, जीभ लोंबणारी, एका हातात भलामोठा गिअरचा दांडा आणि खाली धूर ओकणारी चिमुकली गाडी. त्यांचा 'रॅट फिंक' हा हिरवा, माश्या घोंघावणारा उंदीर म्हणजे गोंडस मिकी माऊसला दिलेले उत्तर मानले जाते. सभ्यतेचे प्रमाणपत्र मिळवू पाहणाऱ्या संघटनांना हा उंदीर फारसा सोयीचा नव्हता. मुलांना मात्र तो नेमका त्याचसाठी आवडला. रॉथ यांच्याकडे काम केलेले रॉबर्ट विल्यम्स पुढे कलादालनांतील नावाजलेले चित्रकार झाले.

या परंपरेची मर्यादाही नोंदवली पाहिजे. तिचे जग बहुतांशी पुरुषांचे होते आणि स्त्रिया अनेकदा शोभेपुरत्याच दिसत. 'कार्टून्स'मध्ये पुढील काळात शॉन केरी या चित्रकर्तीने दमदार काम केले. पण त्या अपवादच.

१९७० च्या दशकात प्रदूषणाचे नियम कडक झाले, १९७३ मध्ये तेलसंकट आले. पुढे इंजिनात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा शिरली आणि घरी गाडी उघडून बसणे कठीण झाले. वाचकाच्या हातातून पाना सुटला, तसा विनोदाचा संदर्भही सुटत गेला असावा. 'कार्टून्स' १९९१ मध्ये बंद पडले. अलीकडच्या काळात ते नव्या प्रकाशकाने पुन्हा सुरू केले.

मेडली यांचे २०१४ मध्ये, मिलर यांचे २००३ मध्ये आणि रॉथ यांचे २००१ मध्ये निधन झाले. रॉथ यांनी बनवलेली, बुडबुड्यासारख्या पारदर्शक छताची 'बीटनिक बँडिट' ही गाडी नेवाडातील रिनो येथील संग्रहालयात आहे. भारतातील खेळण्यांच्या दुकानांतही दिसणाऱ्या 'हॉट व्हील्स'च्या १९६८ मधील पहिल्या सोळा गाड्यांत तिची छोटी प्रतिकृती होती.