रंगाआधीचे तीन दिवस

आम्ही तिघी मैत्रिणी पुण्यात एकीच्या गच्चीवर जमलो ते मंजिष्ठेचा लाल रंग करायला. पहिला दिवस नुसतं कापड धुण्यात गेला. मांजरपाटाला गिरणीची खळ असते, सुताचं स्वतःचं मेणही असतं. ते निघाल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. धुण्याचा सोडा घालून दोन तास उकळलं, तेव्हा पाण्याला कोऱ्या चहाचा रंग आला. वाळलेल्या कापडावर एक थेंब सोडला. तो मण्यासारखा वर न थांबता लगेच पसरला. "आता घेईल हे," शिकवणारी मैत्रीण म्हणाली.

दुसरा दिवस हिरड्याचा. मला हिरडा त्रिफळ्यापुरताच ठाऊक. आमच्यातली एक जुन्नरची. तिकडे डोंगरातला बाळहिरडा वाळवून विकण्यावर कित्येक घरं चालतात. आम्ही वापरला तो मात्र पिकलेला, मोठा हिरडा. अर्धा किलो कापडाला 100 ग्रॅम पूड. पाण्याला आंबूस, मातकट वास येतो, बोटं पिवळी पडतात. कापड पिळायचं, पण खळबळायचं नाही. तसंच उन्हात टाकायचं. उन्हाकडची बाजू जास्त पिवळी होते, म्हणून सारखं उलटत राहायचं.

इथेच माझी चूक झाली. दोरीवर जागा उरली नव्हती, म्हणून मी माझा तुकडा जुन्या तारेवर टाकला. तासाभराने काढला तर मधोमध काळी रेघ! तार गंजलेली होती. हिरड्यातलं टॅनिन नि लोखंड भेटलं की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून शाई करत ती याच गुणावर. खूप धुतलं, रेघ हलली नाही. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी 75 ग्रॅम तुरटी. रेशीम, लोकर रंग सहज धरतात, सूत धरत नाही. टॅनिन सुताला चिकटतं, तुरटीतलं ॲल्युमिनियम टॅनिनला, आणि रंग त्या ॲल्युमिनियमला. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला, तोही मंजिष्ठेच्या जातीच्या रंगाने रंगवलेला होता. म्हणजे सुताला हा रंग धरायला लावण्याची विद्या आपल्याकडे चार हजार वर्षांहून जुनी. पातेल्यापाशी उभी असताना हे आठवलं आणि अंगावर काटा आला.

चौथ्या दिवशी मंजिष्ठा. पाणी हात पोळेल इतकं तापवायचं, उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर लाल तपकिरीकडे झुकतो. तासभर आळीपाळीने काठीने हलवत राहिलो. पिवळट कापड आधी केशरी झालं, मग विटेसारखं, मग खरं लाल. माझ्या तुकड्यावरची रेघ जांभळट काळी होऊन त्या लालात अशी बसली, की मैत्रीण ती बराच वेळ बोटाने चाचपत राहिली.

गच्चीच्या कोपऱ्यात आता एक बरणी आहे. तिच्यात गंजके खिळे नि गूळ भिजत घातलाय. काळ्या रंगाला दोन-तीन आठवडे लागतील.